अजब बंगल्याचं वजन

महालातल्या आमच्या जुन्या घराचं काय करायचं, हा विषय गेली चार वर्षं दिवाळीच्या फराळासोबत आमच्याकडे वाढला जातो. पाडून फ्लॅट स्कीम करावी असं काकाजींचं म्हणणं. आजी असेपर्यंत थांबावं असं बाबांचं म्हणणं. आजीचं म्हणणं कोणी विचारत नाही, आणि ती सांगतही नाही. यंदा काकाजी माझ्याकडे वळले. "तू इंजिनिअर आहेस ना बे? मंग एकदा नीट हिशेब करून सांग. पाडलं तर काय, ठेवलं तर काय."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात पाडण्यासारखं जे असतं ते संध्याकाळी पाडून रात्री परत उभं करता येतं. पण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. म्हणून मी एक्सेलची शीट उघडली. जागेचा भाव, बांधकामाचा दर, दुरुस्तीचा खर्च असे रकाने केले आणि शेवटी, कोणी सांगितलेलं नसताना, आणखी एक रकाना जोडला : कार्बन. घर चालवताना पंखे-कूलर-एसीतून होणारं उत्सर्जन यात नव्हतं. घर उभं राहण्याआधीच त्याच्या विटा, सिमेंट, लोखंड तयार करताना जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, त्याचा हा रकाना. इंग्रजीत त्याला एम्बॉडीड कार्बन म्हणतात. आपण अंगभूत कार्बन म्हणू.

पहिला रकाना भरून झाला तेव्हा मला वाटलं, ताडून बघायला दुसरी एखादी जुनी इमारत हवी. नागपुरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला जुनी इमारत म्हटली की पहिल्यांदा सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला आठवतो. कागदोपत्री ते मध्यवर्ती संग्रहालय. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, मूर्ती, शस्त्रं असं सगळं एका छपराखाली बघून लोकांनी त्याचं नाव अजब बंगला ठेवलं आणि तेच टिकलं. शाळेच्या सहलीत आम्ही आतल्या वस्तू बघितल्या होत्या. आता मी इमारतीकडे वस्तू म्हणून बघायला लागलो, आणि हिशेब घराबाहेर पडला तो मुंबईमार्गे थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला.

विस्तव कुठे पेटला होता?

अंगभूत कार्बनची कल्पना सोपी आहे. प्रत्येक बांधकाम साहित्यामागे कुठेतरी विस्तव पेटलेला असतो. तो कुठे पेटला, कशावर पेटला आणि किती वेळ, एवढं कळलं की हिशेब बराचसा झाला.

चुना घ्या. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. जळणाचा धूर वेगळा. पण चुन्याची एक खुबी आहे. भिंतीत लागल्यावर तो वर्षानुवर्षं हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. सिमेंटचीही सुरुवात चुनखडीपासूनच होते, मात्र भट्टीचं तापमान जवळजवळ १४५० अंशांपर्यंत न्यावं लागतं. काँक्रीटही हवेतला थोडा वायू परत घेतं, पण चुन्याइतका नाही. शुद्ध पोर्टलंड सिमेंटच्या एका किलोमागे साधारण ८०० ते ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाच्या एकूण उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. दगडी कोळशावर बनवलेल्या पोलादाच्या एका किलोमागे दोन ते अडीच किलो. भाजलेल्या विटेच्या एका किलोमागे २०० ग्रॅमच्या आसपास. खाणीतून काढून घडवलेल्या दगडाच्या एका किलोमागे त्याहून पुष्कळ कमी, कारण दगडाचा विस्तव कोट्यवधी वर्षांपूर्वीच पेटून विझलेला असतो.

आपल्या भागात तर तो विस्तव दाखवता येतो. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आणि नागपूर त्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. थोडं उत्तरेला कामठीकडे गेलं की वालुकाश्म लागतो. हे सगळं पहिल्यांदा पद्धतशीर टिपून ठेवणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी होता. १८४५ पासून तो नागपुरात होता. धर्मप्रसार करता करता त्याने इथले दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या कथा गोळा केल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात वाहून गेला. त्याचे आदिवासींविषयीचे कागद पुढे १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी छापून घेतले.

टेंपल हे नव्याने तयार झालेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर. त्यांच्याच कारकिर्दीत, हिस्लॉप वाहून गेला त्याच १८६३ साली, अजब बंगला सुरू झाला. भारतातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी हे एक.

रेल्वेच्या आधीचं शहर

१८६३ या सालात माझ्या हिशेबासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तेव्हा नागपुरात रेल्वे नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे पोचली १८६७ मध्ये. त्याआधी जे काही यायचं ते बैलगाडीने. दगड, विटा, चुना, रेती यांसारखं जड सामान बैलगाडीने फार लांबून आणणं परवडत नाही. त्यामुळे त्या काळच्या नागपुरातली कुठलीही मोठी इमारत ही मुख्यतः आजूबाजूच्या काही कोसांतली जमीनच असते, फक्त उभी केलेली. काळा पाषाण, कामठीकडचा वालुकाश्म, गावाबाहेर भाजलेल्या विटा, कन्हानची रेती, काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा चुना, त्यात मिसळलेली सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड, आणि जंगलातलं सागवान. चुना बैलाच्या घाणीवर मळायचा. एवढ्या साहित्यात शहर व्हायचं.

हे लिहिताना माझ्या मनात उत्तर ठरून गेलं होतं. सगळं जवळचं, सगळं हाताने केलेलं, म्हणजे कार्बन नगण्य. जुनं ते हलकं. शीटमध्ये आकडे भरले आणि उत्तर चुकलं.

एक घनमीटर विटांची भिंत घेऊ. तीत दीड टनाच्या आसपास विटा बसतात. म्हणजे आजच्या भट्टीच्या हिशेबाने ३०० किलो कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर साध्या काँक्रीटचंही उत्सर्जन ढोबळमानाने तेवढंच, ३०० किलो. त्यात १०० किलो लोखंडी सळ्या घातल्या की आणखी अडीचशेच्या आसपास. म्हणजे घनमीटरला घनमीटर लावला तर काँक्रीट महाग खरं, पण जुन्या भिंती जाड असतात. दीड फुटी विटेच्या भिंतीला चौरस मीटरमागे १३५ किलो, तर आजच्या नऊ इंची भिंतीला ७०. खांब-तुळया-स्लॅबचं काँक्रीट मिळवलं की आजची इमारत पुढे जाते, पण मला वाटलं होतं तितकी नाही. दगडी भिंत मात्र खरंच हलकी. छिन्नी-हातोड्याने घडवलेल्या दगडाच्या नावावर फक्त त्यातला चुनाच लागतो.

आणि त्या विटा-चुन्याच्या भट्ट्या लाकडावर चालायच्या. लाकडाचा धूर निसर्गचक्रातला आहे, झाड परत वाढलं की हिशेब फिटतो, असं म्हणायची पद्धत आहे. झाड परत वाढलं तर फिटतो. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखातं काढलं आणि १८६५ मध्ये पहिला वनकायदा केला, तो जंगलं झपाट्याने तुटत होती म्हणून. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड टिकवायचं होतं. ज्या गोंडांच्या वस्तू अजब बंगल्यात काचेआड मांडल्या गेल्या, त्यांच्याच रानातून ते लाकूड जाणार होतं. हा कार्बन कुठल्याही वहीत लिहिला गेलेला नाही. जुन्या इमारतींना आपण निरागस समजतो, ते बरंचसं त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही म्हणून.

मग अजब बंगल्याच्या बाजूने काय उरलं? वर्षं उरली. त्याच्या विटांसाठी पेटलेला विस्तव एकदाच पेटला आणि त्यावर १६० हून अधिक वर्षं लोकांनी काढली. माझ्या शीटमध्ये वर्षांचा रकानाच नव्हता. तो मी नंतर घातला.

जळणं आणि गंजणं

वर्षांचा रकाना घातला की एक प्रश्न लगेच उभा राहतो : टिकेल याची हमी काय? नागपूरकर भोसल्यांचा महालातला जुना राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची रेलचेल होती. १८६४ मध्ये, म्हणजे अजब बंगला सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, तो जळाला. लाकूड हे अंगभूत कार्बनच्या बाबतीत आजच्या वास्तुकारांचं लाडकं साहित्य आहे, कारण झाडाने हवेतून घेतलेला कार्बन तुळईत अडकून राहतो. पण तो तुळईत असतो तोवरच. आग लागली की दोनशे वर्षांची ठेव एका रात्रीत मोडते.

याची अलीकडची आठवण ब्राझीलची आहे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तोही पूर्वीचा राजवाडाच. संस्था २०० वर्षांची. सकाळी बाहेरच्या भिंती उभ्या होत्या. आत जवळजवळ काही उरलं नव्हतं. संग्रहालयाची इमारत टिकवणं म्हणजे वायरिंग बदलणं, पाण्याचा दाब तपासणं, छप्पर गळतंय का बघणं. या कामांचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांना पैसा मिळत नाही. कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यानेही हे लक्षात ठेवायला हवं. नव्या इमारतीत किती टन वाचले हे सांगणारे पुष्कळ भेटतात. वर्षाला चार बादल्या चुना आणि दोन दिवसांचा मिस्त्री यांनी किती वाचवले, हे कोणी सांगत नाही.

मुंबईला आलेलं लोखंड

नागपूरला रेल्वे येत होती त्याच सुमारास मुंबईत वेगळंच काही उतरत होतं. १८६७ ते १८६९ या काळात काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभं राहिलं. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने आणला होता. इमारतीचे सुटे भाग एका खंडात ओतायचे आणि दुसऱ्या खंडात जोडायचे. आज ज्याला आपण ग्लोबल सप्लाय चेन म्हणतो, तिचा हा आजोबा. विस्तव इंग्लंडच्या दगडी कोळशावर पेटला होता, आणि इमारत उभी राहिली मुंबईत.

तिकडे भायखळ्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम बांधून होत होतं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी वर्गणी जमवली होती. पायाभरणी १८६२ ची, उद्घाटन २ मे १८७२ चं. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आत गेलं की दुमजली दालनात लोखंडी खांब आणि नक्षीदार कठडे दिसतात. अजब बंगला आणि हे संग्रहालय जवळजवळ एकाच वेळी मनात आले, पण एक बंदराजवळ होतं आणि दुसरं रेल्वे न पोचलेल्या गावात. एवढ्या एका फरकाने त्यांचं साहित्य बदललं.

मात्र सगळं साहित्य दुरून येऊ शकतं म्हणून ते आणलंच पाहिजे असं नसतं. मुंबईचं तिसरं उदाहरण त्यासाठी महत्त्वाचं. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची आणि ते लोकांसाठी उघडलं १० जानेवारी १९२२ ला. जॉर्ज विटेट या वास्तुकाराकडे तेव्हा जगभरचं साहित्य आणवायची सोय होती. त्याने भिंतींसाठी कुर्ल्याचा करडा पाषाण आणि मालाडचा पिवळसर दगड घेतला. आज दोन्ही लोकलची स्टेशनं आहेत. तेव्हा तिथे खाणी होत्या. मधल्या मोठ्या दालनात तर त्याने याहून हुशारी केली. नाशिकच्या एका वाड्यातली लाकडी कमानींची आणि खांबांची सबंध रचना संग्रहालयाच्या विश्वस्तांनी विकत घेतली होती. ती विटेटने घुमटाखालच्या गोल जागेत बसवली. लोक तिला प्रदर्शनातली वस्तू समजून बघतात. मी तिला जुन्या इमारतीतून काढून नव्या इमारतीत लावलेलं साहित्य म्हणून बघतो. नाशिकचा तो वाडा गेला, पण त्याच्या लाकडातला कार्बन शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईत सुरक्षित आहे.

साओ पाउलोची दोन उत्तरं

विटेटच्या त्याच मुंबईत, त्याच्याच गेटवे ऑफ इंडियात, पिवळ्या दगडाच्या जोडीला पोलादी सळ्यांचं काँक्रीट आलं होतं. विसाव्या शतकात काँक्रीट जगभर पसरलं, पण त्यावर जीव टाकला तो ब्राझीलने. साओ पाउलोचं कला संग्रहालय, म्हणजे माप्स नव्हे, मास्प, १९६८ मध्ये उघडलं. वास्तुकार लीना बो बार्डी, मूळच्या इटलीच्या. संपूर्ण इमारत चार खांबांना टांगल्यासारखी जमिनीपासून वर उचललेली आहे आणि खाली सत्तर मीटरहून लांब मोकळी जागा. मधे एकही खांब नाही. तिथे सभा भरतात, मोर्चे थांबतात, रविवारी बाजार लागतो.

कार्बनच्या नजरेने बघितलं तर हा उधळेपणा आहे. एवढा गाळा खांबांशिवाय ओलांडायचा तर काँक्रीट आणि ताणलेल्या पोलादी तारा बेसुमार लागतात. मधे दोन खांब घेतले असते तर पुष्कळ टन वाचले असते. पण मग ती सावलीतली मोकळी जागा शहराला मिळाली नसती. हा हिशेब माझ्या शीटमध्ये कसा बसवायचा ते मला अजून जमलेलं नाही.

त्याच बाईंनी दुसरं उत्तरही देऊन ठेवलं आहे. १९७७ मध्ये त्यांच्याकडे साओ पाउलोतला एक जुना, बंद पडलेला पिंपांचा कारखाना सोपवला गेला. जागा मोकळी करून नवं सांस्कृतिक केंद्र बांधावं, ही सरळ वाट होती. बो बार्डी तिथे गेल्या तेव्हा आसपासची माणसं आणि मुलं त्या शेडमध्ये आपापली वापरायला लागलेली होती. त्यांनी विटांची शेड राहू दिली, आतून साफ केली, वाचनालय, नाटकघर, कार्यशाळा केल्या, आणि मागच्या उरलेल्या जागेत खेळांसाठी काँक्रीटचे मनोरे बांधले. तेच सेस्क पोम्पेया. पुढे १९९० च्या दशकात पाउलो मेंडेस दा रोशा यांनी त्याच शहरातल्या पिनाकोतेका या जुन्या विटांच्या कलासंग्रहालयात असंच केलं. भिंतींना गिलावाही दिला नाही, फक्त आतल्या चौकांवर काचेचं छप्पर टाकलं आणि चौक ओलांडायला पोलादी पूल घातले. नवं साहित्य अगदी थोडं, आणि इमारत संपूर्ण नवी वाटते.

नागपूरकराला सेस्क पोम्पेया वाचताना एम्प्रेस मिल आठवल्याशिवाय राहत नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही गिरणी सव्वाशे वर्षांनी बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे. मीही तिथे सिनेमे बघितले आहेत, त्यामुळे फार मोठ्याने बोलायचा अधिकार मला नाही. पण एखाद्या शेडमध्ये कापसाचं आणि गिरणी कामगारांचं संग्रहालय झालं असतं, तर अजब बंगल्याला एक धाकटा भाऊ मिळाला असता.

कोराडीची राख

दक्षिण अमेरिकेतलं आणखी एक उदाहरण, कारण ते आपल्या सुरखीपाशी परत आणतं. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर पाराकास इथलं छोटं संग्रहालय २००७ च्या भूकंपात पडलं. सांद्रा बार्क्ले आणि जाँ पिएर क्रूस यांनी जवळजवळ त्याच जागी नवं बांधलं. वाळवंटाच्या मातीतले क्षार साधं सिमेंट खातात, म्हणून त्यांनी पोझोलान मिसळलेलं सिमेंट वापरलं. पोझोलान म्हणजे ज्वालामुखीच्या राखेसारखी, चुन्याशी संयोग पावून दगड होणारी बारीक पूड. रोमन लोक ती इटलीतल्या पोत्सुओलीहून आणत, त्यावरून हे नाव.

आपली सुरखीही तेच काम करते. भाजलेल्या मातीची पूड चुन्यात घातली की चुना पाण्यातही घट्ट होतो. आणि तेच काम औष्णिक वीजकेंद्राची राख करते. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथे दगडी कोळसा जळतो आणि तिची राख डोंगराने साचते. तिच्या तळ्यांजवळच्या गावांना विचारलं तर ती राख म्हणजे काय हे ते सांगतील. ही राख मिसळून केलेल्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, आणि तेवढं भट्टीतून निघालेलं सिमेंट वाचतं. फ्लाय अ‍ॅशच्या विटा तर भाजाव्याच लागत नाहीत.

म्हणजे १८६३ चं नागपूर आणि आजचं नागपूर यांत साहित्य जवळून येण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. आपलं सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरच्या बाजूला बनतं. पोलाद भिलाईहून येतं. राख घरचीच. विस्तव तेव्हाही जवळ पेटायचा आणि आजही जवळच पेटतो, फक्त तेव्हा तो लाकडावर पेटायचा आणि आता आपल्याच भागातल्या दगडी कोळशावर. त्या धुरात आपणच राहतो.

यात एक अडचण सांगितली नाही तर लेख खोटा होईल. दीक्षाभूमीचा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. उंची १२० फूट, आतून पोकळ, वरून राजस्थानातल्या धौलपूरचा दगड. माझी शीट त्याला वाहतुकीचे गुण कापून टाकेल. पण दर दसऱ्याला तिथे लाखो माणसं येतात. ज्यांच्या पूर्वजांना पक्कं घर बांधायची, विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती, त्यांनी वर्गणी काढून उभारलेल्या वास्तूला किलो कार्बन मोजून दाखवणं हा निर्लज्जपणा होईल. ज्यांनी शतकभर काही जाळलंच नाही, त्यांना काटकसर शिकवायला जाऊ नये. आकडा खरा असतो, पण तो कोणासमोर ठेवायचा हे आकडा सांगत नाही.

काकाजींची शीट

परत घराकडे. साडेसहा हजार चौरस फुटांची, आठ फ्लॅटची स्कीम. ढोबळ हिशेबाने १३० टन सिमेंट, २६ टन सळ्या, लाखभर विटा. सगळं मिळून सव्वादोनशे टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, टाइल्स आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या सोडून. घर ठेवून नीट दुरुस्त केलं तर पंधरा-वीस टन. नव्वद वर्षांपूर्वी या घरासाठी जो धूर झाला तो झाला, तो पाडून किंवा ठेवून परत येणार नाही. प्रश्न फक्त पुढच्या सव्वादोनशे टनांचा.

काकाजींनी चष्मा लावून शीट बघितली. म्हणाले, "आठ घरं होऊन राहिली ना त्यात? मंग आठानं भाग." भागले. घरटी अठ्ठावीस टन. "अन् ते आठ लोक इथं नाही आले तं बेसा-पिपळ्याकडे शेतं मोडून बांधतीनच. ते कुठं धरलं तू?" धरलं नव्हतं. मी म्हटलं, वर्षांनीही भागू. आपल्या बाजूच्या गल्लीतली पस्तीस वर्षांची बिल्डिंग आत्ताच पाडायला काढली आहे, मग आपली नवीन तरी किती टिकणार? यावर ते गप्प बसले. काका-पुतण्याची बरोबरी झाली.

मग ते उठले आणि मला माजघरात घेऊन गेले. टॉर्चचा उजेड वरच्या तुळईवर टाकला. "हे लाकूड कुठल्या रकान्यात आहे?"

लाकूड मी विसरलो होतो. नऊ सागवानी तुळया. उजेडात दिसलं की त्यांतल्या चार तुळयांना खालच्या अंगाने चौकोनी खाचा आहेत, हाताचा पंजा जाईल एवढ्या. त्यांत काही बसवलेलं नाही, आणि आमच्या घरात तिथे काही बसण्यासारखंही नाही. खांबाची रेघ दुसरीकडून जाते. म्हणजे पणजोबांनी त्या तुळया जुन्याच घेतल्या होत्या. त्याआधी त्या कुठल्यातरी दुसऱ्या घरात होत्या, तिथे त्या खाचांत खांब बसत होते. कुठलं घर ते विचारायला आता कोणी नाही. मी या घरात तीन वर्षांचा असल्यापासून झोपलो आहे आणि वर कधी बघितलं नव्हतं.

आजी दारात येऊन उभी होती. "तुझ्या पणज्यानं त्या गाडीत घालून आणल्या होत्या म्हणे," ती म्हणाली. "नव्याले पैसे कुठं होते?"

स्कीम व्हायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा माझ्या रकान्यावरून ठरणार नाही, हे मलाही कळतं. काकाजींना पैशांची गरज आहे आणि ती खरी आहे. पण एवढं दोघांनी मिळून ठरवलं आहे की करारात एक कलम टाकायचं : तुळया कापायच्या नाहीत, मोजून, नंबर घालून, आख्ख्या उतरवून ठेवायच्या. पुढचं घर कोणाचंही असो, त्यात त्या लागल्या पाहिजेत. शीटमध्ये मी त्यांच्यासाठी वेगळी ओळ केली आहे. वर्षांच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून सध्या तो कोरा आहे.